माणेकशॉ यांच्या पदकांचा संच कसा जमवावा?

प्रश्न : माझे वडील लष्करात सुभेदार होते. त्यांची पदके चौकटीत लावून झाल्यावर फील्ड मार्शल सॅम माणेकशॉ यांच्या पदकांचाही संच जमवावा, असे मनात आले. एक विक्रेता १९४२ सालचा मिलिटरी क्रॉस (ब्रिटिश शौर्यपदक) ‘खुद्द माणेकशॉ यांचा’ म्हणून देऊ करीत आहे. तो घ्यावा का? आणि संचात नेमके काय असावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : केवळ विक्रेत्याच्या शब्दावर तो क्रॉस मुळीच घेऊ नये. मिलिटरी क्रॉस चांदीचा असतो, त्याच्या चारही टोकांना मुकुट असतात आणि त्या काळच्या क्रॉसवर मध्यभागी सहाव्या जॉर्जची ‘जीआरआय’ ही राजाक्षरे असतात. पाठीमागे खालच्या भुजेवर सन्मानाचे वर्ष कोरलेले असते. मात्र सरकारकडून त्यावर मानकऱ्याचे नाव घातले जात नसे. त्यामुळे ‘१९४२’ हा आकडा फक्त वर्ष सांगतो, माणूस सांगत नाही. नाव कोरलेले असलेच, तर ते कोणत्याही कारागिराकडून नंतर कोरून घेता येते. कुटुंबाकडून हस्तांतर झाल्याचा कागद नसेल, तर ‘खुद्द’ या शब्दासाठी एक रुपयाही जास्त मोजू नये.

या क्रॉसची हकीकत मात्र विलक्षण आहे. २२ फेब्रुवारी १९४२ रोजी ब्रह्मदेशात सित्तांग नदीच्या पुलापाशी फ्रंटियर फोर्स रेजिमेंटच्या चौथ्या बटालियनमधील तरुण कॅप्टन माणेकशॉ यांच्या पोटात मशीनगनच्या गोळ्या घुसल्या. ते जगत नाहीत असे वाटल्याने, आणि मिलिटरी क्रॉस मरणोत्तर देण्याची पद्धत नसल्याने, वरिष्ठ अधिकारी डेव्हिड कोवन यांनी स्वतःच्या छातीवरची त्या क्रॉसची फीत काढून त्यांना लावली, असे सांगितले जाते. माणेकशॉ यांच्या अंगावरची त्या सन्मानाची पहिली फीत, म्हणजे, उसनी होती.

आता पदके लावण्याचा क्रम. येथेच बहुतेक संग्राहक चुकतात आणि मिलिटरी क्रॉस सर्वांत पुढे लावून मोकळे होतात. भारतीय क्रमात राष्ट्रकुलाचे, म्हणजे येथे ब्रिटिश, सन्मान भारतीय पदकांच्या मागे येतात. म्हणून प्रथम पद्मविभूषण (१९७२) आणि पद्मभूषण (१९६८). मग जनरल सर्व्हिस मेडल १९४७, ‘पूर्वी स्टार’ व ‘पश्चिमी स्टार’ (१९७१ च्या युद्धातील पूर्व व पश्चिम आघाड्यांची पदके), रक्षा पदक, संग्राम पदक, सैन्य सेवा पदक, १९४७ चे स्वातंत्र्य पदक, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचे पदक, वीस व नऊ वर्षांच्या दीर्घ सेवेची दोन पदके. आणि त्यानंतर, तेराव्या जागी, ज्यापायी प्राण जायची वेळ आली होती तो मिलिटरी क्रॉस. त्याच्यामागे १९३९–४५ स्टार, बर्मा स्टार, वॉर मेडल आणि इंडिया सर्व्हिस मेडल, अशी एकूण सतरा. १ जानेवारी १९७३ रोजी मिळालेले फील्ड मार्शलपद हा हुद्दा आहे. त्याचे पदक शोधत बसू नये.

ब्रिटिश काळातले स्टार निनावी असल्यामुळे त्यांचे अस्सल नमुने घेण्यास हरकत नाही. सैन्य सेवा पदकासारख्या भारतीय पदकांच्या कडेवर मात्र क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. असे अस्सल पदक घेतलेत तर त्यावर कोणा शिपायाचे किंवा हवालदाराचे नाव निघेल. संच ‘जुळावा’ म्हणून ते नाव कानशीने घासून टाकणारे लोक आहेत. आपण सुभेदारांचे चिरंजीव आहात, तेव्हा त्याबद्दल अधिक लिहीत नाही. या भारतीय पदकांच्या आणि पद्म सन्मानांच्या प्रतिकृतीच वापराव्यात आणि चौकटीखाली ‘प्रतिकृती’ असे स्पष्ट लिहावे. फितींसाठी आधी छावणी भागातील लष्करी गणवेशाच्या दुकानांत विचारावे. विणीचा दर्जा हाताला कळतो, छायाचित्रात कळत नाही.

प्रश्न : जुनी पदके पितळी भांड्यांच्या पॉलिशने चकचकीत करावीत का?
— त्याच वाचकाकडून

उत्तर : करू नयेत. पॉलिशमध्ये बारीक खरखरीत पूड असते, ती प्रत्येक वेळी धातूचा थर नेते आणि सर्वांत आधी कडेवरची अक्षरे पुसट होतात. मऊ सुती कापडाने धूळ टिपावी, फितीला पाणी लागू देऊ नये आणि चौकट थेट उन्हात टांगू नये. वडिलांच्या पदकांनाही हेच लागू आहे.