अंतिम, शेवटचे आणि ठाणे

एका वाचकाने लोकलमध्ये ऐकलेली सूचना लिहून पाठवली आहे. गाडी थांबल्यावर गार्डने सांगितलं: ‘कृपया करून सर्व प्रवाशांनी खाली उतरावे ही नम्र विनंती, हे या गाडीचे अंतिम शेवटचे स्थानक आहे, गाडी पुढे जाणार नाही.’ त्यांचा प्रश्न असा, की यात जास्तीचे शब्द किती, ‘अंतिम शेवटचे’ ही चूक धरायची का, आणि ‘स्टेशन’ म्हणावं की ‘स्थानक’?

पुनरुक्ती म्हणजे काय हे सांगत बसत नाही. ‘पिवळा पीतांबर’ सगळ्यांनी शाळेत घोकलेला आहे. पण ‘कृपया करून’ मात्र सोडणार नाही, कारण ते फलाटावर, सभागृहात, सोसायटीच्या फळ्यावर, सगळीकडे भेटतं आणि दर वेळी टोचतं. ‘कृपया’ ही ‘कृपा’ या शब्दाची संस्कृतातली तृतीया आहे, अर्थ ‘कृपेने’. म्हणजे एक तर ‘कृपया’ म्हणा, नाही तर ‘कृपा करून’. ‘कृपया करून’ याला पुष्कळजण पुनरुक्ती म्हणतात, तेही बरोबर नाही. तिथे अर्थ दोनदा आलेला नाही, सांधा चुकला आहे. ‘करून’ला कर्म हवं असतं आणि ‘कृपया’ कर्म होऊ शकत नाही. दोन चांगले शब्दप्रयोग मध्येच कापून एकमेकांना जोडले, एवढंच.

खरी पुनरुक्ती पुढे आहे: कृपया, उतरावे, नम्र विनंती. एकाच गोष्टीसाठी तीनदा हात जोडले. मराठीला त्याची गरजच नाही. ‘उतरावे’, ‘करावे’, ‘जावे’ यांतलं ‘आवे’ संस्कृतच्या ‘तव्य’ या प्रत्ययातून उतरलं आहे, ‘कर्तव्य’मधल्या तव्यातून. विध्यर्थ आज्ञेची धार बोथट करतो आणि आर्जव अंगातच बाळगतो. ‘प्रवाशांनी उतरावे’ एवढं म्हटलं की सभ्यपणा पुरा झाला. इंग्रजीला त्यासाठी वेगळा शब्द लागतो, आपल्याला क्रियापदाचं शेपूट पुरतं. त्या शेपटाचा विसर पडला म्हणून हे नम्र विनंत्यांचे ठिगळ लावावे लागतात.

‘अंतिम शेवटचे’बद्दल एका ओळीत: दोघांपैकी कुठलाही एक शब्द काढा, काहीही हरवत नाही, म्हणून चूक. ठेवायचा तर ‘शेवटचे’ ठेवा. ‘अंतिम’ निर्णयाला आणि सामन्याला शोभतो.

आता ‘स्टेशन’ की ‘स्थानक’. या प्रश्नाची मी वाट पाहत होतो, कारण याचं उत्तर त्याच रुळांवर पडलेलं आहे.

मराठीत संस्कृतातून झिजत आलेल्या नामांचा एक नेम आहे. संस्कृत शब्दाला ‘क’ लागलेला असेल तर मराठीत पुल्लिंगी शब्द ‘आ’वर संपतो आणि नपुंसकलिंगी शब्द ‘एं’वर. घोटकः, त्याचा घोडा. सुवर्णकम्, त्याचं सोनें. ‘क’ नसेल तर शब्द अकारान्त राहतो. आता ‘स्थान’ घ्या. प्राकृतात स्थचा ठ आणि नचा ण होऊन ‘ठाण’ झालं. ते आपल्याकडे ‘ठाण मांडून बसणे’मध्ये जसंच्या तसं आहे. आणि ‘स्थानकम्’? त्याचं नेमाने काय होईल? ‘ठाणें’. ‘ठाणें’ हे ‘स्थान’चं नव्हे, ‘स्थानक’चंच मराठी रूप आहे, अक्षराला अक्षर लावून.

आणि हा नुसता व्याकरणाचा हिशोब नाही. उत्तर कोकणच्या शिलाहार राजांच्या ताम्रपटांत ठाणे या गावाचं नावच ‘श्रीस्थानक’ असं आलं आहे. त्यांची राजधानी होती ती. नवव्या ते तेराव्या शतकात कोरलेलं नाव आणि आज इंडिकेटरवर झळकणारं नाव यांच्यात फक्त लोकांच्या जिभेची झीज आहे. हिंदीत याच शब्दाचा ‘थाना’ झाला आणि तो पोलिसांकडे गेला. आपण पोलिसांनाही ‘ठाणे’च दिलं, त्यामुळे त्या शहरात ‘ठाणेनगर पोलीस ठाणे’ अशी पाटी आहे आणि ती वाचताना कुणालाही अडखळायला होत नाही.

16 एप्रिल 1853 या दिवशी बोरीबंदरहून 14 डब्यांची गाडी सुटली, तीन इंजिनं लावलेली, सुमारे 400 पाहुणे घेऊन. हिंदुस्थानातली ही पहिली प्रवासी गाडी 34 किलोमीटर धावली आणि थांबली कुठे? ठाण्याला. या देशातल्या पहिल्या प्रवासी गाडीचं शेवटचं स्थानक ज्या गावात होतं, त्या गावाचं नावच ‘स्थानक’ आहे! रेल्वेसाठी हा शब्द मुक्रर व्हायच्या कित्येक शतकं आधीपासून ते गाव तो शब्द अंगावर वागवत बसलं होतं. मला हे जेव्हा पहिल्यांदा उलगडलं तेव्हा मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो, आणि अजूनही सांगतो.

इथे एका मताचा समाचार घ्यायलाच हवा. ‘स्टेशन हा शब्द मुळात आपल्या स्थानवरूनच इंग्रजांनी उचलला’, असं छातीठोकपणे सांगणारे भाषाभिमानी पुष्कळ आहेत, काही तर व्याख्यानांतून सांगतात. हे चूक आहे आणि अकारण चूक आहे. ‘स्टेशन’ इंग्रजीत फ्रेंचमार्गे लॅटिनमधून आला. लॅटिन ‘स्तातिओ’, ‘स्तारे’ म्हणजे उभं राहणे या धातूपासून. लॅटिनचा ‘स्ता’ आणि संस्कृतचा ‘स्था’ या सख्ख्या बहिणी आहेत, एकीच्या पोटी दुसरी जन्मलेली नाही. फारसीतला ‘स्तान’ही त्याच घरचा, हिंदुस्तानातलं स्तान तेच. एसटी ‘स्टँड’वर उभे राहतो तेव्हाही आपण त्याच धातूवर उभे असतो. एवढं मोठं घराणं डोळ्यांसमोर असताना त्याला ‘आमच्याकडून चोरलं’ म्हणून लहान का करायचं? आणि ज्यांना दिसायला सारखे शब्द एकाच माळेत ओवण्याची घाई असते त्यांनी ‘स्टॉप’कडे पाहावं. तो या घरचा नाही. त्याचं मूळ लॅटिन ‘स्तुप्पा’, म्हणजे भोकात बोळा म्हणून कोंबायचा तागासारखा चोथा. बुजवण्यावरून थांबवण्यावर आला. सारखेपणा कानाला पटतो, पुरावा मात्र वेगळाच मागावा लागतो.

आता यावर कुणीतरी हटकून म्हणणार: मग ‘ठाणे स्थानक’ ही पुनरुक्तीच झाली, ‘पुढील स्थानक ठाणे’ ही घोषणासुद्धा सदोष! नाही. शब्द जास्तीचा आहे की नाही हे व्युत्पत्ती ठरवत नाही, ऐकणाऱ्याच्या मनातला आजचा अर्थ ठरवतो. ‘ठाणे’ हे विशेषनाम झालं तेव्हाच त्यातला ‘स्थानक’ झोपी गेला. व्युत्पत्तीने न्याय करायचा तर ‘उतरणे’ घ्या. त्यात ‘उत्’ आहे, म्हणजे वर. पाण्यातून वर येऊन काठाला लागणे हा जुना अर्थ, त्यावरून वाहनातून पायउतार होणे. त्या हिशोबाने ‘खाली उतरावे’ हा वदतोव्याघात ठरेल. आजच्या मराठीत मात्र त्यातलं ‘खाली’ निव्वळ फालतू आहे, कारण वर कुणी उतरत नाही. म्हणून ‘खाली’ खोडायचं आणि ‘ठाणे स्थानक’ राहू द्यायचं.

अशा जोड्या का जमतात याबद्दल माझा एक तर्क आहे. कागदपत्र, धनदौलत, बाजारहाट, रीतिरिवाज हे शब्द बघा. प्रत्येकात एक शब्द फारसी-अरबीकडचा, दुसरा आपल्या जुन्या घरातला, आणि मुळात दोघांचा अर्थ एकच किंवा अगदी शेजारचा. कागदही लिहायचा, पत्रही लिहायचं. बाजार तोच हाट. मला वाटतं, ज्यांना एकाच वेळी दोन भाषांच्या माणसांना सांगायचं होतं त्यांच्या तोंडी या जोड्या जुळल्या असणार. दरबारातला कारकून, दवंडी पिटणारा, नाक्यावर जकात घेणारा, आणि हो, ठाण्यावरचा ठाणेदार. एक शब्द याच्यासाठी, एक त्याच्यासाठी. गार्डच्या ‘अंतिम शेवटचे’ची जातकुळी मला हीच दिसते: एक शब्द परिपत्रकातला, एक घरातला. त्या माणसाला अडाणी म्हणून हसणं मला मुळीच मान्य नाही. शंभरजणांना एका दमात समजावं ही त्याची धडपड खरी आहे.

पण समजून घेणं वेगळं आणि प्रयोग मान्य करणं वेगळं. ‘कागदपत्र’ जोडून आला आणि त्याचा अर्थ वाढला: सातबारा, पावती, दाखला, सगळं त्यात मावतं, नुसत्या ‘कागदा’त मावत नाही. ‘बाजारहाट’ ही जागा राहिली नाही, ती पिशवी घेऊन करायची कामगिरी झाली. ‘अंतिम शेवटचे’ मात्र जोडून तसंच्या तसं राहिलं. जोडीने काही कमावलं नाही, म्हणून ती जोडी ठेवायची नाही.

दुसऱ्या टोकाला आहेत शुद्धतेचे कडवे पहारेकरी. त्यांच्या लेखी एकही शब्द दुसऱ्यांदा आला की दोष. ‘लवकर लवकर चढा’ यातला एक ‘लवकर’ खोडायला सांगणारे गुरुजी मी पाहिले आहेत. या मंडळींना गौतमाची न्यायसूत्रं, म्हणजे तर्कशास्त्राचा जुना संस्कृत ग्रंथ, वाचायला द्यावीत. वादात हार पत्करावी लागते अशी 22 निग्रहस्थानं गौतमाने सांगितली, त्यांत ‘पुनरुक्त’ आहे. पण व्याख्या पाहा: ‘शब्दार्थयोः पुनर्वचनं पुनरुक्तमन्यत्रानुवादात्’. शब्द किंवा अर्थ पुन्हा सांगणं म्हणजे पुनरुक्त, मात्र अनुवाद सोडून. अनुवाद म्हणजे इथे भाषांतर नव्हे. काही हेतूने मागाहून पुन्हा म्हणणं. मग कुणी शंका काढतो, की दोन्हींत शब्द पुन्हाच येतो, फरक काय? त्यावर सूत्रकार दृष्टान्त देतात तो जास्त वेगाने जाण्याच्या सांगण्याचा, आणि भाष्यात तो उलगडला आहे: ‘शीघ्रं शीघ्रं गम्यताम्’. लवकर लवकर जा! तर्कशास्त्राच्या ग्रंथाने पुनरुक्तीच्या आरोपातून जे वाक्य सोडवलं, तेच आपण दारात लोंबकळणाऱ्यांना ओरडून सांगतो. दुसऱ्या ‘शीघ्रं’ने वेग वाढतो, म्हणून तो शब्द कामाचा.

एका जागी मात्र मी गौतमाचं सूत्र शब्दशः लावायला तयार नाही. एका गोष्टीवरून जे आपोआप निष्पन्न होतं ते पुन्हा शब्दांनी सांगणं, हेही ते पुनरुक्तच धरतात. त्या न्यायाने ‘हे शेवटचे स्थानक आहे’ म्हटल्यावर ‘गाडी पुढे जाणार नाही’ हे बाद व्हायला हवं. वादसभेत जरूर व्हावं. पण रात्रीच्या गाडीत खिडकीला डोकं टेकून झोपलेल्या माणसाला स्थानक कितवं याच्याशी कर्तव्य नसतं. गाडी पुढे जाणार नाही, एवढंच त्याला उठवतं. हे वाक्य राहिलंच पाहिजे. तसंच एकच सूचना मराठी, हिंदी आणि इंग्रजीतून तीनदा येते तिला ‘किती ती बडबड’ म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. ती दोन्ही अर्थांनी अनुवाद आहे, गौतमाच्याही आणि आजच्याही.

म्हणजे मूळ सूचनेतून ‘कृपया करून’, ‘खाली’, ‘ही नम्र विनंती’ आणि ‘अंतिम’ गेले. उरलं ते असं: ‘हे या गाडीचे शेवटचे स्थानक आहे. गाडी पुढे जाणार नाही. सर्व प्रवाशांनी उतरावे.’ आधी कारण, मग काय करायचं ते. गार्डने हे दोनदा म्हटलं तरी माझी हरकत नाही. (2022 पासून गार्डचं अधिकृत पदनाम ‘ट्रेन मॅनेजर’ झालं आहे, पण गाडीत सगळे गार्डच म्हणतात, मीही तेच म्हणणार.) ‘स्टेशन’ म्हणा, ‘स्थानक’ म्हणा, दोन्ही आपलेच. फक्त ‘स्टेशन स्थानक’ म्हणू नका.

त्याच वाचकाने पत्राच्या तळाशी ‘गाडी विलंबाने उशिरा धावत आहे’ हेही लिहिलं आहे. तिथे ‘विलंबाने’ काढा आणि ‘उशिरा’ ठेवा. ‘उशीर’ संस्कृत ‘उत्सूर’वरून, पालीत ‘उस्सूर’: सूर्य वर येऊन गेलेला, दिवस चढलेला. त्या शब्दात ‘सूर’ आहे तो आकाशातला.