नवीन ठाणे स्टेशन झालं की आमची धावपळ कमी होईल का?

प्रश्न : ताई, मी किसननगरला राहते. सकाळी रिक्षा मिळेपर्यंत आणि मग स्टेशन रोडच्या ट्रॅफिकमध्ये जो वेळ जातो ना, तेवढ्यात माझी नेहमीची लोकल भांडुप ओलांडून गेलेली असते. मनोरुग्णालयाच्या जागेवर नवीन स्टेशन होणार हे लग्नाच्या आधीपासून ऐकतेय. ते झाल्यावर खरंच फरक पडेल का?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : पडेल, आणि सगळ्यात जास्त तुमच्याच भागाला पडेल. किसननगर, वागळे इस्टेट, हाजुरी या सगळ्यांना आज उलटं ठाणे स्टेशनच्या गर्दीत शिरावं लागतं, नाहीतर मुलुंड गाठावं लागतं, आणि नवीन स्टेशन येतंय नेमकं या दोन्हींच्या मधे. प्रकल्प मांडताना अंदाज दिला होता की ठाण्याचा 31 टक्के आणि मुलुंडचा 21 टक्के भार नवीन स्टेशन उचलेल.

पण हा भार आपोआप उचलला जाणार नाही, सगळं बसवर अवलंबून आहे. रूळ आणि प्लॅटफॉर्म रेल्वेचं काम, बाहेरचे उन्नत रस्ते आणि बसचा डेक, म्हणजे बस उभ्या राहायचा उंचावरचा मजला, महापालिकेच्या स्मार्ट सिटी कंपनीकडे. म्हणजे एकाच स्टेशनचे दोन मालक, आणि दोघांचं काम एकत्र संपलं नाही तर लोकल थांबेल पण बाहेर बस नसेल, मग पुन्हा शेअर रिक्षाची रांग आलीच.

डेक का महत्त्वाचा हे ठाणे पश्चिमेचा सॅटिस, म्हणजे स्टेशनबाहेरचा बसचा उन्नत डेक, बघितला की कळतं. वर टीएमटीच्या, म्हणजे ठाणे महापालिकेच्या बस, खाली रिक्षा, आणि डेकवरून थेट रेल्वेच्या पुलावर जाता येतं, रस्ता ओलांडायचा प्रश्नच नाही. संध्याकाळी सातच्या सुमाराला तिथे उभं राहून बघा, लोकलमधून उतरलेला माणूस जिना चढून वर येतो, बस समोर लागलेली असते, दार बंद होतंय म्हणून तो धावतो आणि मागून चार जण हाताने काच वाजवत येतात. ती बस दोन मिनिटं थांबली असती तर सगळे बसले असते. आपल्याकडे डेक बांधतात पण बसचं टाइमटेबल लोकलच्या टाइमटेबलला जोडत नाहीत, आणि माझ्या मते नवीन स्टेशनची खरी परीक्षा तीच आहे.

म्हणून आत्तापासून एक करा. तुमच्या भागातून कुठल्या बस नवीन स्टेशनला वळवायला हव्यात, पहिली बस पहाटे किती वाजता हवी आणि रात्री शेवटची कधी, हे सोसायटीतल्या बायकांनी बसून लिहा आणि टीएमटीला, नगरसेवकाला द्या. स्टेशन चालू झाल्यावर मार्ग बदलायला गेलात की सगळे सांगतील की रिक्षा चालतात ना. रात्री उशिरा एकट्या उतरणाऱ्या बाईला रिक्षापेक्षा लाईट असलेल्या डेकवरची बस किती आधाराची असते हे तुम्हाला सांगायला नको.

प्रश्न : मनोरुग्णालयाची जागा घेताय, मग पेशंटचं काय? हे कोणी बोलतच नाही.
(एक वाचक, ठाणे पूर्व)

उत्तर : तुम्ही विचारलंत हे बरं झालं. सगळी जागा जात नाहीये, स्टेशनसाठी सुमारे 15 एकर आहे. या जागेवर हायकोर्टाची स्थगिती होती, ती 2023 मध्ये उठली, आणि इतकी वर्षं गाडं अडलं त्याचं मोठं कारण हेच होतं. हॉस्पिटल 1901 सालचं आहे, त्यामुळे रुग्णांना चांगल्या नवीन इमारती मिळाल्याच पाहिजेत, आणि बसचा आवाज, लाईट वॉर्डापर्यंत पोचणार नाहीत अशी भिंत आणि झाडं हवीत. हे डेकच्या आराखड्याएवढंच तपासून घ्यायला हवं.

प्रश्न : मी कल्याणहून वाशीला जातो. नवीन ठाणे झालं तर मला ठाण्याला उतरून गाडी बदलायची गरज संपेल का?
(एक वाचक, कल्याण)

उत्तर : नाही हो, तुमचा उपाय वेगळा आहे. कळवा-ऐरोली उन्नत मार्ग झाला की कल्याणहून थेट नवी मुंबईला गाडी जाईल. त्यातलं दिघा गाव स्टेशन 12 जानेवारी 2024 ला चालू झालं, पण कळव्याकडचा जोड रुळालगतच्या घरांच्या पुनर्वसनात अडकला, आणि ती माणसं नीट वसल्याशिवाय तो पुढे सरकणार नाही. तोवर ठाण्याला ट्रान्सहार्बरच्या, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणाऱ्या लाइनच्या, 9-10 नंबरच्या प्लॅटफॉर्मकडे जावंच लागेल. कल्याणला चढतानाच, ठाण्यात तिकडे जाणाऱ्या पुलाच्या जिन्याजवळ थांबणारा डबा पकडलेला बरा, नाहीतर गर्दीतून चालण्यातच वाशीची गाडी सुटते.