वनरक्षकाचा दिवस कसा जातो, आणि वायरलेस वाजला की काय होतं

ताई, आधी मनापासून अभिनंदन. तुम्ही लिहिलंय की ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात, म्हणजे आतल्या राखीव जंगलात, वनरक्षक म्हणून नेमणूक झाली आहे, आई घाबरली आहे, आणि रोजचं काम नेमकं काय असतं, वाघाचा प्रसंग आला तर काय करायचं हे कुणी नीट सांगत नाही. मी वनरक्षक म्हणून लागलो आणि वनपाल, म्हणजे वनरक्षकांच्या वरच्या पदावरून, निवृत्त झालो. ३१ वर्षांची नोकरी, सगळी चंद्रपूर जिल्ह्यात. म्हणून जे लिहितोय ते तिथलंच आहे.

भरतीत तुम्ही ४ तासांत १६ किलोमीटर चाललात, ते एका दिवसापुरतं होतं. आता तेच रोजचं. तुमच्या ताब्यात जंगलाचा एक ठरलेला तुकडा, म्हणजे बीट असेल, कागदावर त्याला नियतक्षेत्र म्हणतात. त्यातला प्रत्येक कक्ष (बीटचा लहान भाग), नाला, पाणवठा, जाळरेषा (आग अडवायला मोकळा ठेवलेला पट्टा) पायाखालची हवी. सकाळी संरक्षण कुटीतून, म्हणजे जंगलातल्या तुमच्या राहण्याच्या चौकीतून, निघताना मोबाइलवर एम-स्ट्राइप्स हे गस्तीचं अ‍ॅप सुरू करायचं. तुम्ही कुठून कुठे चाललात ते त्यात उमटतं, आणि दिसलेलं तुम्ही नोंदवत जायचं. पण अ‍ॅपमध्ये रेघ उमटली म्हणजे गस्त झाली असं समजू नका. रोज त्याच वाटेने, त्याच वेळेला गेलात तर तुमचं वेळापत्रक फासे लावणाऱ्यालाही पाठ होतं. वाट बदला, वेळ बदला. कधी दुपारी बाराला जा, कधी अंधार पडताना.

मला चालायला शिकवलं आमच्या वनमजुराने. गोंड माणूस, शाळा चौथीपर्यंत, पण जमीन वाचायचा. पहिल्याच आठवड्यात मी धुळीतला वाघाचा ठसा बघून ‘ताजा आहे’ म्हणालो. तो उकिडवा बसला, मला बसवलं आणि बोट दाखवलं. ठशाच्या आतून एका किड्याची बारीक, शिवण घातल्यासारखी रेघ गेली होती. ‘किडे राती फिरतेत जी. किडा याच्यावरून गेला, म्हणजे वाघ त्याच्या आधी गेला.’ मग ठशाच्या कडा दाखवल्या, दवाने बसून बोथट झालेल्या. वाघ संध्याकाळी गेला होता, पहाटे नाही. तुमच्या कुटीवर असा एखादा वनमजूर असेलच. त्याला ‘दादा’ म्हणा, त्याच्या मागे चाला. गणवेश आणि पद तुमचं असलं तरी पहिली दोन वर्षं गुरू तोच.

बाकी रोजची कामं बरीच आहेत. उन्हाळ्यात पाणवठ्यांवर सोलर पंप चालतो का, पाण्यावर तवंग किंवा काठावर मेलेले पक्षी आहेत का हे बघायचं, कारण पाण्यात विष कालवून शिकार होते. कॅमेरा ट्रॅप (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर लावायचे, कारण वाघ पट्ट्यांवरून ओळखतात आणि त्याच्या डाव्या आणि उजव्या कुशीचे पट्टे वेगळे असतात. शेतालगतच्या हद्दीवर रात्री फिरायचं. रानडुकरांसाठी कुंपणाच्या तारेत वीज सोडतात आणि त्यात वाघ मरतो, बिबट मरतो, कधी शेतकरी स्वतःही जातो. पावसाळ्यात गाभा क्षेत्र पर्यटकांना बंद असतं, पण तुम्हाला नाही. तेव्हाच जास्त फिरावं लागतं, कारण पर्यटकांच्या जिप्सी गाड्या नसतात, गवत कमरेएवढं असतं, आणि चोरून शिरणाऱ्यालाही हे माहीत असतं.

आता आग. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आमच्याकडे आगीचा हंगाम. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तेंदूला चांगली पालवी यावी म्हणून पेटवतात, आणि वारा सुटला की ते हाताबाहेर जातं. उपग्रहावरून आगीचा मेसेज मोबाइलवर येतो, त्याचा उपयोग आहेच. पण उपग्रह वरून जाईल तेव्हाच त्याला दिसणार. त्याच्या आधी धूर तुम्हाला दिसायला हवा. ब्लोअरने पाला उडवून पट्टा मोकळा करायचा, हिरव्या फांद्यांनी ज्वाळा झोडपायच्या, गरज पडली तर जाणत्या माणसाच्या हाताने समोरून उलटी आग लावायची, म्हणजे येणाऱ्या आगीला पुढे जळायला काही उरत नाही. बांबू पेटला की पेरं फुटतात आणि गोळी सुटल्यासारखा आवाज होतो; पहिल्यांदा छाती धडधडते. आगीच्या वरच्या अंगाला, चढावर कधीच उभं राहू नका. आणि विझली म्हणून लगेच निघू नका. ओंडक्यात धुमसणारा निखारा दुपारच्या वाऱ्याला परत उठतो. अंगावर सुती कपडे हवेत, नायलॉन कातडीला चिकटतं.

वाघाचं विचारलंत. खरं सांगतो, पायी चालताना मला वाघापेक्षा अस्वलाची धास्ती जास्त वाटली. वाघाला तुमची चाहूल आधी लागते आणि बहुतेक वेळा तो बाजूला होतो. अस्वल वारूळ उकरण्यात गुंग असतं, दचकतं, आणि मग सरळ अंगावर येतं. म्हणून दाट झाडीत बोलत चाला, काठी आपटत चाला.

पण वाघ बाजूला होतोच असं नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोब्याच्या कोलारा भागात व्याघ्रगणनेसाठी पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. सोबत वनमजूर होते. वाघीण पुढे वाटेवर दिसली, ते थांबले, आणि मग झाडीतून वळसा घेताना तिने गाठलं. त्यांच्याकडून चूक झाली असं मी म्हणणार नाही. त्या कामावर होत्या, आणि ठरलेली लाइन, म्हणजे गणनेसाठी चालायची आखलेली वाट, पूर्ण करायची हे आपल्या अंगात मुरलेलं असतं. मला हे आठवलं की आजही घास उतरत नाही. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो: वाघ वाटेवर बसला असेल, तर त्या दिवसाचं काम तिथेच संपलं. वळसा नाही. तोंड त्याच्याकडे ठेवून सावकाश मागे या, पळू नका, वायरलेसवर कळवा आणि परत फिरा. लाइन उद्या होईल. कुणी साहेब रागावले तर रागावू द्या.

सगळ्यात कठीण प्रसंग मात्र वाघ समोर येण्याचा नसतो. वाघाने गावातला माणूस मारला, तो.

एप्रिलची सकाळ होती. मोहफुलं वेचायला पहाटे गेलेले साठीचे एक गृहस्थ परतले नव्हते. आम्ही पाच जण पोचलो तेव्हा मोहाखाली टोपली उपडी होती, फुलं सांडलेली, एक चप्पल, आणि पाल्यावरून झुडपाकडे गेलेली फरफट. वाकून बसलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही. तासाभरात तीनेकशे लोक जमले. पोलीस यायचे होते, बचाव पथक दोन तासांवर होतं, वाघ त्याच झुडपात असण्याची दाट शक्यता होती, आणि पोरं काठ्या घेऊन आत शिरायला निघाली होती. शिरली असती तर दुसरा जीव गेला असता. आम्ही पाच जण तीनशेंना काय अडवणार? अडवलं ते गावातल्याच एका म्हाताऱ्याने. तो पुढे आला, हात आडवे केले आणि म्हणाला, ‘गार्डसाहेब सांगते ते आयका.’

दोन वर्षांपूर्वी त्या म्हाताऱ्याची गाय वाघाने मारली होती. रात्र होती, पाऊस होता, तरी मी तासाभरात जाऊन पंचनामा केला होता. तेव्हा मनात फक्त एवढंच होतं की उशीर झाला तर चिडून मेलेल्या गाईवर कीटकनाशक टाकतात आणि त्यावर परत आलेला वाघ मरतो. तोच पंचनामा त्या दिवशी असा कामाला आला. म्हणून गाईगुरांचा पंचनामा कधी उद्यावर टाकू नका. गावात चहाला बसा, लग्नाला जा, तेराव्यालाही जा.

वाघाने मारलेल्या त्या गृहस्थांच्या बायकोने मला एकच मागितलं: ‘त्यायचा दुपट्टा आना.’ पंचनामा संपल्यावर तो आणून मी त्यांच्या हातात दिला.

त्या दिवशी माझ्याकडून एक चूक झाली. लोक ओरडत होते, ‘आत्ताच्या आत्ता वाघ मारा’, आणि ते शांत व्हावेत म्हणून मी बोलून गेलो, ‘दोन दिवसांत पकडतो.’ हा शब्द द्यायचा अधिकार मला नव्हता. वाघ पकडायला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आधी कोणता वाघ आहे ते कॅमेऱ्यावरून ठरवावं लागतं, मग पिंजरा, मग भूल देणारे डॉक्टर. तीन आठवडे गेले. त्या काळात मी गावात शिरलो की बाया तोंड फिरवायच्या. तुम्ही फक्त तेवढंच सांगा जे तुमच्या हातात आहे: रात्री इथे गस्त असेल, सकाळी एकट्याने जंगलात जाऊ नका, मदतीचे कागद मी स्वतः करून देते. वाघाने माणूस मारला तर घरच्यांना राज्य सरकारची मदत आता २५ लाख रुपये आहे, त्यातला मोठा भाग मुदत ठेवीत जातो. हे घरच्यांना दुःखाचा पहिला भर ओसरल्यावर, शेजारी बसून, दोनदा समजावून सांगावं लागतं.

कुटीवर राहण्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण बाई म्हणून विचारायला हवं. रुजू होतानाच संडास-बाथरूम, दाराची कडी आणि सोबत दुसरी महिला कर्मचारी आहे का, हे लेखी विचारा. आमच्या वेळी मुलींनी संकोचाने विचारलं नाही आणि वर्षानुवर्षं सोसलं. बूट एक नंबर मोठे घ्या, दुपारी पाय सुजतात. पावसाळ्यात बूट घालण्याआधी रोज उलटे करून झटका, विंचू असतो.

आणि आईंना आधीच सांगून ठेवा की कुटीवर रेंज नसते. दोन-दोन दिवस फोन लागणार नाही आणि त्याचा अर्थ काही वाईट झालं असा नाही. रात्री वायरलेसवर सगळ्या कुट्यांची हजेरी होते. तुमच्या वनपालांचा नंबर आईंना देऊन ठेवा. मी हजेरी झाली की घरच्यांना फोन करायचो, दोन शब्द: ‘सगळे आहेत.’ तुमच्या वनपालांनाही तसं करायला सांगा. नाही म्हणणार नाहीत.