डिसेंबरचा हप्ता कार्डावर

नाशिकहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ४१, सातपूरच्या एका कारखान्यात नोकरी, पतसंस्थेची कपात वजा जाता हातात ६२,००० येतात. पत्नी घरी शिलाईकाम करतात, ब्लाउज आणि पिको-फॉलचे महिन्याला ८,००० मिळतात. मुलगी दहावीत, मुलगा सहावीत, सोबत आई. २०१७ साली घेतलेल्या होम लोनचे १९ लाख बाकी आहेत, व्याज साडेआठ टक्के, हप्ता २१,०००, अजून बारा वर्षं. कंपनीच्या पतसंस्थेचे दोन लाख बाकी, दहा टक्क्यांनी, महिना ६,००० कपात. गावाकडची जमीन विकून वाट्याला चार लाख आले आहेत. प्रश्न एवढाच: "हे चार लाख होम लोनमध्ये भरू की म्युच्युअल फंडात टाकू? एक सहकारी म्हणतो पंधरा टक्के धरले तर बारा वर्षांत एकवीस लाख होतात, त्यात घरही सुटेल आणि मुलीचं लग्नही."

सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींत देता येतं: आज यातलं काहीच करू नका. कारण तुमच्या पत्राच्या दुसऱ्या पानावर, आईच्या औषधांचा खर्च सांगून झाल्यावर एक वाक्य आहे. "क्रेडिट कार्डाचे १,३८,००० आहेत, पण त्याचं टेन्शन नाही, दर महिन्याला मिनिमम ७,००० न चुकता भरतो." ते वाक्य मी तीनदा वाचलं.

तुमचं बिल समोर धरा. व्याज महिन्याला साडेतीन टक्के. १,३८,००० वर झाले ४,८०० च्या वर. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी पावणेनऊशे. महिन्याचे ५,७०० गेले. तुम्ही भरता त्या ७,००० मधून मुद्दल फिटतं जेमतेम १,३००. आजपासून कार्डावर एक रुपयाही खर्च केला नाही आणि ७,००० भरत राहिलात, तरी ते फिटायला साडेतीन वर्षं लागतील आणि एकूण दोन लाख नव्वद हजार भराल. मिनिमम भरल्याने लेट फी लागत नाही आणि फोन येत नाहीत, एवढंच. व्याज एका दिवसासाठीही थांबत नाही. उलट मागची बाकी असताना नव्या खरेदीवर बिनव्याजी दिवससुद्धा मिळत नाहीत, स्वाइप केल्या दिवसापासून मीटर सुरू.

आता तुमच्या प्रश्नाशी याची तुलना करा. चार लाख होम लोनमध्ये भरले तर साडेआठ टक्क्यांनी वर्षाला ३४,००० व्याज वाचेल. त्यातले फक्त एक लाख चाळीस हजार कार्डात भरले, तर वर्षाला ६८,००० वाचतील. पैसे एक तृतीयांश आणि बचत दुप्पट. होम लोनचा आकडा मोठा म्हणून तुम्हाला त्याची धास्ती वाटते, ते मी समजू शकते, पण कर्ज बोचतं ते आकड्याने नाही, व्याजदराने.

मग मी कार्डावर एवढे पैसे चढले कसे, ते शोधत बसले. तुम्ही घरखर्च फार नेटका लिहून दिला आहे. किराणा, दूध, गॅस, शाळा, क्लास, पेट्रोल, औषधं, वहिनींची २,००० ची भिशी, सगळं मिळून ३८,०००. होम लोन २१,०००, कार्डाचे ७,०००, दोन पॉलिसींचे महिन्याकाठी ४,०००. बेरीज बरोबर सत्तर हजार, दोघांच्या मिळकतीएवढी. चार माणसांचं आणि आजारी आईचं घर नाशिकसारख्या शहरात ३८,००० मध्ये चालवणं ही सोपी गोष्ट नाही, आणि त्यात कुठे उधळपट्टी दिसत नाही. मग कार्ड?

उत्तर तुम्हीच दिलं आहे. तिसरी पॉलिसी. २०२३ च्या डिसेंबरात बँकेत होम लोनवर टॉप-अप, म्हणजे वाढीव कर्ज, घ्यायला गेलात, तेव्हा तिथल्या साहेबांनी "ही पॉलिसी सोबत घेतलीत तर फाइल लवकर हलेल, आणि दहा वर्षं भरून विसाव्या वर्षी पैसे दुप्पट गॅरंटीड" असं सांगून गळ्यात मारलेली. हप्ता वर्षाला ३६,०००. डिसेंबरात हातात पैसे नसतात म्हणून तो तुम्ही कार्डावर भरता. तीन डिसेंबर, तीन हप्ते, १,०८,०००. उरलेलं फ्रिज, दवाखाना आणि व्याज. तुमचं कार्डाचं कर्ज म्हणजे बहुतांश ती पॉलिसीच आहे.

मला इथे राग येतो आणि तो लपवायचं कारण दिसत नाही. कर्ज मागायला आलेल्या माणसाला, ज्याच्या खात्याचा सगळा हिशेब समोरच्या स्क्रीनवर दिसतोय, त्याला वर्षाला ३६,००० चा नवा बोजा विकायचा आणि वर तो घेतल्याशिवाय काम होणार नाही असं सुचवायचं. कर्जासाठी अशी पॉलिसी घेण्याची सक्ती कोणतीही बँक करू शकत नाही. आणि "दुप्पट" म्हणजे काय ते बघा. ३,६०,००० भरून विसाव्या वर्षी ७,६०,०००. तुमचा प्रत्येक रुपया सरासरी पंधरा वर्षं त्यांच्याकडे राहतो. पैसे दुप्पट व्हायला लागणाऱ्या वर्षांनी ७२ ला भागलं की साधारण व्याजदर मिळतो. ७२ ला १५ ने भागा, पाच टक्केसुद्धा पडत नाहीत. ते मिळवायला तुम्ही कार्डावर वर्षाला बेचाळीस टक्क्यांनी पैसे उचलताय. एका हप्त्याच्या ३६,००० वर कार्डाचं वर्षाचं व्याज होतं जवळजवळ १८,०००.

"पण कर वाचतो ना" असंही तुम्ही लिहिलंय. नाही वाचत. २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच नाही, पगारदाराला प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत. तुमचं वर्षाचं उत्पन्न त्याच्या बरंच आत आहे. पॉलिसी असो वा नसो, कर शून्य.

ही पॉलिसी सरेंडर करू नका, म्हणजे मोडू नका, पेड-अप करा. सरेंडर केलीत तर तीन हप्त्यांनंतर हातात भरलेल्याच्या साधारण पस्तीस टक्केच येतील, चाळीस हजारांच्या आत. पेड-अप म्हणजे पुढचे हप्ते बंद, पॉलिसी जिवंत, आणि मुदतीला ठरलेल्या रकमेच्या साधारण तीन दशांश मिळतील. नेमका आकडा कंपनीकडून लेखी मागा. उरलेले सात हप्ते भरून जो जादा परतावा मिळेल तो साडेपाच टक्क्यांच्या आत बसतो, आणि तुमचं होम लोन साडेआठचं आहे. विकताना जे खोटं सांगितलं त्याची तक्रार आधी कंपनीकडे लेखी करा, मग 'बीमा भरोसा' पोर्टलवर, आणि महिन्याभरात समाधान झालं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे. तिथे फी नाही, वकील लागत नाही. टॉप-अपची आणि पॉलिसीची तारीख एकाच आठवड्यातली आहे, ते कागद जोडा. पैसे परत मिळतीलच असं मी म्हणणार नाही.

उरलेल्या दोन पॉलिसी. २०१४ ची, मावसभावाकडून घेतलेली, २४,००० हप्त्याची, आठ वर्षं राहिलेली: माझा कल चालू ठेवण्याकडे आहे, कारण तिच्यातला तोटा मागच्या वर्षांत सोसून झालाय. २०१९ ची, मुलीच्या लग्नाच्या नावाची मनी-बॅक, म्हणजे मधून मधून थोडे पैसे परत देणारी: पेड-अप करा.

आणि आता जी गोष्ट तुम्ही विचारलीच नाहीत. तिन्ही पॉलिसी मिळून तुमचा विमा आहे १२,६०,००० चा. होम लोन आणि पतसंस्था मिळून कर्ज आहे २१ लाख. वर्षाला ८४,००० हप्ते भरणाऱ्या माणसाच्या पश्चात घरावरचं कर्जही फिटत नाही. मुलांचं शिक्षण, आईची औषधं तर पुढचीच गोष्ट. मनी-बॅकचे जे २४,००० वाचतील त्यात तुमच्या वयाला एक कोटीचा साधा टर्म इन्शुरन्स, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, साधारण बसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. तंबाखू खात असाल, बीपीची गोळी चालू असेल तर फॉर्मवर खरं लिहा, हप्ता वाढला तरी चालेल. पॉलिसी १८७४ च्या विवाहित स्त्री मालमत्ता कायद्याखाली घ्या, फॉर्ममध्ये तसा रकाना असतो. म्हणजे ते पैसे पत्नी आणि मुलांचेच राहतात, कर्ज देणाऱ्यांना त्यावर हात टाकता येत नाही. टर्म पॉलिसी हातात पडेपर्यंत जुन्यांना हात लावू नका.

चार लाखांची वाटणी मी अशी करीन. एक लाख चाळीस हजार कार्डाला. वीस हजार टर्मचा पहिला हप्ता. एक लाख वीस हजार दोघांच्या नावाने एफडीत, अडीनडीला. दोन महिन्यांची ही बेगमी आहे, कमीच आहे, पण सध्या तीही नाही. उरलेले एक लाख वीस हजार पतसंस्थेत, तिथे मग ८०,००० राहतील. कार्डाचे सुटलेले ७,००० आणि चालू कपात ६,००० मिळून १३,००० भरलेत की सात महिन्यांत पतसंस्थाही संपते. पतसंस्थेतले मित्र लगेच म्हणतील, नवं-जुनं करून घे, म्हणजे नवं मोठं कर्ज काढून त्यातून जुनं फेड, आता जास्त मिळेल. तुम्ही आईच्या ऑपरेशनचं कर्ज एकदा नवं-जुनं केलंय, म्हणून तर ते अजून दोन लाखांवर आहे. पुन्हा नको.

त्यानंतर महिन्याला १३,००० मोकळे होतील. त्यातले ५,००० होम लोनमध्ये जादा भरा. बारा वर्षांचं कर्ज साडेआठ वर्षांत संपेल. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही, कुणी मागितला तर देऊ नका. आणि हप्ता कमी करायचा की मुदत, असं विचारतील, तेव्हा मुदत सांगा. ५,००० मुलीच्या अकरावी-बारावीसाठी. ३,००० घरखर्चात वाढवा, कारण ३८,००० वर ओढत राहिलात तर कधीतरी पुन्हा कार्ड निघेल.

होम लोनबद्दल अजून एक. २०१७ चं कर्ज म्हणजे ते बहुधा एमसीएलआरला, म्हणजे बँकेच्या स्वतःच्या अंतर्गत दराला, जोडलेलं आहे. नवी गृहकर्जं रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर) बाह्य दराशी जोडणं बँकांना ऑक्टोबर २०१९ पासून बंधनकारक झालं. २०२५ च्या फेब्रुवारी ते जून या काळात रेपो साडेसहावरून साडेपाचवर आला, तुमचा दर मात्र साडेआठवरच आहे. शाखेत अर्ज देऊन कर्ज रेपोला जोडून घ्या. काही हजार फी लागेल. अर्धा टक्का जरी उतरला तरी वर्षाला ९,००० च्या वर वाचतात.

म्युच्युअल फंडाला माझा विरोध नाही. पण तुमच्या सहकाऱ्याचे एकवीस लाख पंधरा टक्क्यांचे आहेत. दहा टक्के धरा, तेच साडेबारा लाख होतात. आणि मध्ये २००८ सारखं एखादं वर्ष आलं, तेव्हा सेन्सेक्स निम्म्याहून खाली गेला होता, आणि त्याच वर्षी मुलीची फी भरायची असली, तर तुम्ही पडत्या भावात विकणार. घर आणि लग्न दोन्ही त्या एका आकड्यावर टांगू नका. पतसंस्था संपल्यावर, एफडी चार महिन्यांच्या खर्चाएवढी झाल्यावर एसआयपीचं, म्हणजे फंडात दर महिन्याला ठरावीक रक्कम टाकण्याचं, विचारा, मी आनंदाने सांगेन.

शेवटची गोष्ट मला सांगायला जड जातेय. तुम्ही लिहिलंय, "मिसेसना कार्डाचं माहीत नाही, उगाच काळजी करतील." तुमच्या कार्डाचं व्याज रोजचं १९० रुपये आहे. वहिनी एका साडीच्या पिको-फॉलचे ९० रुपये घेतात, असं तुम्हीच लिहिलंय. रोज दोन साड्यांची कमाई त्यांच्या नकळत जातेय. त्या २,००० ची भिशी चालवून शाळेची फी उभी करतात. या घरात शिल्लक टाकण्याची सवय फक्त त्यांनाच आहे, आणि हिशेब मात्र त्यांच्यापासून लपवलाय. जमिनीचे पैसे आले आहेत हे त्यांना माहीत आहे. त्यातले एक लाख चाळीस हजार कुठे गेले, हे त्या विचारणारच. त्यांनी विचारायच्या आधी तुम्ही सांगा. बिलं समोर ठेवून, तिन्ही डिसेंबरची.

तुमच्या बिलाची देय तारीख १८ आहे. त्याआधी बँकेच्या अ‍ॅपवर 'एकूण थकबाकी' बघून पूर्ण भरा. कुणी फोनवर सेटलमेंट करून थोडं कमी करून देतो म्हणालं तर नकार द्या. सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीवर, 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि पुढे कर्ज मिळताना अडतं. पुढच्या महिन्यात मधल्या दिवसांच्या व्याजाचं काहीशे ते दोन हजारांचं बिल येईल, ते चूक नाही, तेही भरा. विमा कंपनीला कार्डावरून आपोआप हप्ता कापायची परवानगी दिलेली असेल तर ती त्याच दिवशी रद्द करा, नाहीतर येत्या डिसेंबरात चौथा हप्ता तुम्हाला न विचारता जाईल.