तोफखान्यातला माणूस आर्मीचा चीफ होतो का?

प्रश्न : मुलगा तोफखान्यात जायचं म्हणतोय. त्याचा मामा म्हणतो, तोफा मागेच राहतात, नाव आणि वरची खुर्ची पायदळवाल्यांना मिळते. ब्रिटिशांच्यात तरी तोफखान्यातून कोणी अगदी वरपर्यंत गेलंय का?
— एक आई, देवळाली

उत्तर : ताई, गेलंय की. अ‍ॅलन ब्रुक. डिसेंबर १९४१ ला ब्रिटिश आर्मीचा चीफ झाला तो महायुद्ध संपून १९४६ च्या मध्यापर्यंत त्याच खुर्चीत होता, फील्ड मार्शलही झाला, आणि सुरुवात कुठून, तर १९०२ साली तोफखान्यातला साधा सेकंड लेफ्टनंट. पुढे काही वर्षं आपल्याकडे अंबाल्याला घोड्यांच्या तोफखान्यात होता, आणि १९१४ ला, पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधल्या मार्सेलच्या बंदरात उतरला तोही सिकंदराबादच्या घोडदळ ब्रिगेडचा दारूगोळा घेऊनच.

आता मामांचा मुद्दा. तोफा मागे असतात हे खरंय, पण मागून काय चालतं ते बघा. १९१६ ला फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत ब्रुक १८व्या डिव्हिजनच्या (म्हणजे हजारो माणसांच्या तुकडीच्या) तोफांचं प्लॅनिंग बघायचा. पायदळ खंदकातून निघालं की त्यांच्या पुढ्यातच तोफगोळ्यांची एक ओळ पडत राहायची, काही मिनिटांनी ती थोडी पुढे सरकायची आणि शिपाई तिच्या मागोमाग चालायचे. तोफेवरच्या माणसाला पुढचं काहीच दिसत नाही, त्याच्याकडे फक्त नकाशा, त्यावर आखलेल्या रेघा, प्रत्येक रेघेची वेळ, आणि घड्याळ. मिनिटभर चुकलं तर गोळा आपल्याच पोरांवर. कल्पना एकट्या ब्रुकची नव्हे, नकाशाची पद्धत त्याने फ्रेंचांकडून घेतली, जन्म आणि बालपण फ्रान्समधलं असल्यामुळे भाषा त्याला घरच्यासारखी होती. १ जुलैला त्या एका दिवसात ब्रिटिशांची जवळपास ५७ हजार माणसं मेली किंवा जखमी झाली, पण या डिव्हिजनने ठरवलेली जागा घेतली. (आपल्याकडे गोलंदाज म्हटलं की आता क्रिकेटच आठवतं, पण मूळ शब्द या तोफेवरच्या माणसाचा आहे!)

नंतर इंग्लंडमध्ये लार्कहिलला तोफखान्याच्या स्कूलचा प्रमुख झाला, म्हणजे तुमच्या देवळालीच्या स्कूलसारखंच, मग इन्फन्ट्री ब्रिगेड, मग रणगाड्यांची डिव्हिजन, मग विमानविरोधी तोफा. मला वाटतं तो वर गेला तो यामुळेच, एका शाखेत अडकून राहिला नाही आणि वेळेचा हिशोब कधी सोडला नाही. मे १९४० ला, डंकर्कच्या किनाऱ्यावरून ब्रिटिश सैन्य माघारी निघायच्या आधी, बेल्जियमची आर्मी शरण जायच्या बेतात होती, ब्रिटिशांची डावी बाजू उघडी पडणार होती, तर त्याने माँटगोमेरीची अख्खी ३री डिव्हिजन एका रात्रीत, अंधारात, आघाडीच्या अगदी जवळच्या रस्त्यांवरून एका टोकाहून दुसऱ्या टोकाला नेली. हजारो माणसं, गाड्या, सगळं. पहाटे डिव्हिजन जागेवर होती. मुलाला सांगा बिनधास्त जा.

प्रश्न : मग माँटगोमेरीचं नाव सगळ्यांना माहीत आणि ब्रुकचं का नाही?
— कॉलेजातला वाचक, सांगली

उत्तर : कारण युद्धाची बरीच वर्षं तो लंडनला चर्चिलसमोर बसून होता. चर्चिलला रोज नवीन मोहीम सुचायची आणि ब्रुकने तोंडावर नाही म्हणायचं, टेबलावर हात आपटून भांडणं व्हायची, पण चर्चिलने त्याला काढलं नाही. ऑगस्ट १९४२ ला कैरोत चर्चिलने मध्यपूर्वेची कमांड पुढे केली. रणांगणावर जायची त्याला फार इच्छा होती, तरी नाही म्हणाला, कारण चर्चिलला आवर घालायला लंडनला आपणच हवं असं त्याला वाटत होतं. फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरायच्या मोठ्या मोहिमेची मुख्य कमांड चर्चिलने त्याला कबूल केली होती, आणि ऑगस्ट १९४३ ला क्वेबेकमध्ये सांगितलं की ती आता अमेरिकन जनरलकडे जाणार. तो धक्का त्याने चेहऱ्यावर दिसू दिला नाही, पण डायरीत सगळं आहे, आणि ते वाचताना मला आजही गलबलून येतं.

६ जून १९४४ ला फौजा नॉर्मंडीत उतरल्या तेव्हा तो लंडनलाच. १२ तारखेला चर्चिलबरोबर नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरला, आणि वाळूत त्यांना घ्यायला उभा होता माँटगोमेरी, ज्याची डिव्हिजन त्याने चार वर्षांपूर्वी रातोरात हलवली होती तोच.