वांगं खरंच खाण्यासारखं आहे का, आणि नीट करायचं कसं?

खाण्यासारखं आहे, आणि हिवाळ्यात तर आवर्जून खावं.

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. वांग्यात पोषण फारसं नसतं म्हणतात, मग ते खायचं कशाला? आणि घरी केलं की एकतर चामट राहतं नाहीतर वाटीभर तेल पिऊन गिळगिळीत होतं, ते टाळायचं कसं? मी वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यातल्या एका गावात राहते. कापूस आणि तुरीच्या वावरात धुऱ्याच्या (बांधाच्या) कडेला आमची वांग्याची झाडं असतात आणि थंडीभर चुलीवर वांगं असतंच. त्या अनुभवावरून सांगते, वांगं आवडत नाही म्हणणाऱ्या बहुतेकांना आजवर अर्धकच्चं वांगं वाढलं गेलेलं असतं. भेंडी थोडी कडक राहिली तरी चालते, कोबी कच्चाही खाता येतो. वांगं मात्र पुरतंच शिजायला हवं, जिभेनं टाळूला दाबलं की विरघळेल इतकं. ते शिजलं की नाही असा प्रश्न पडला, तर ते शिजलेलं नाही असंच समजा.

आधी पोषणाचं बघू. १०० ग्रॅम कच्च्या वांग्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं, सुमारे २५ कॅलरी, साधारण ३ ग्रॅम तंतू आणि जेमतेम १ ग्रॅम प्रथिनं. म्हणजे ते डाळीची जागा घेऊ शकत नाही, पालेभाजीचीही नाही. जांभळ्या सालीत नासुनिन नावाचं रंगद्रव्य असतं, गरात क्लोरोजेनिक आम्ल असतं आणि दोन्ही चांगली आहेत. पण त्यांच्या नावावर मधुमेह उतरतो, हृदयविकार जातो असे जे निरोप मोबाईलवर फिरतात, त्यांवर विसंबू नका. वांग्याचा मोठा गुण वेगळाच आहे. ज्याच्यासोबत शिजवाल त्याची चव ते स्वतःत मुरवून घेतं आणि कमी कॅलरीत पोट भरतं. म्हणूनच आमच्याकडे ते एकटं क्वचितच शिजतं. सोल्यांबरोबर (तुरीच्या ओल्या दाण्यांबरोबर), मुंगवडीबरोबर (मुगाच्या डाळीच्या वाळवलेल्या वड्यांबरोबर), नाहीतर फल्लीदाण्याच्या (शेंगदाण्याच्या) कुटाबरोबर ते शिजतं आणि सोबत ज्वारीची भाकर असते. प्रथिनं त्या जोडीदाराकडून येतात. नुसत्या वांग्याचा हिशोब न करता अख्ख्या ताटाचा केलात, तर त्यात काही कमी दिसणार नाही.

काही जणांना वांग्यानं तोंडाला, घशाला खाज सुटते. त्यात हिस्टामीन असतं आणि काहींना खरी ॲलर्जीही असते. तुम्हाला तसं होत असेल तर खाऊ नका, इथे हट्ट करण्यात अर्थ नाही. मुतखडा होऊन गेलेल्यांनी डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवावं, कारण त्यात ऑक्सॅलेटही असतं. बुडाच्या ठिपक्यावरून नर वांगं आणि मादी वांगं ओळखायचं, हे मात्र सोडून द्या. फळाला नर-मादी नसतं.

वांगी घ्यायची कधी? जुन्या घरांत चातुर्मासात कांदा, लसूण आणि वांगं बंद असतं. आषाढात कांदेनवमीला ते शेवटचं खायचं आणि मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा (रोडगा म्हणजे निखाऱ्यात भाजलेला कणकेचा जाड गोळा) नैवेद्य दाखवून पुन्हा सुरू करायचं. त्या षष्ठीला वांगेसट म्हणतात ती त्यामुळेच. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा, पण शेतकरी म्हणून मला हे वेळापत्रक पटतं. पावसाळ्यातलं वांगं पाणचट असतं आणि अळीनं भरलेलं. चंपाषष्ठी येते तेव्हा थंडी पडलेली असते, गर घट्ट झालेला असतो आणि चवीला गोडवा आलेला असतो.

अळीचं थोडं सविस्तर सांगते, कारण वांगं नको म्हणण्यामागे फवारणीची भीती असते आणि ती खोटी नाही. शेंडे आणि फळं पोखरणारी अळी हा वांग्याचा सगळ्यात मोठा शत्रू. ती अगदी लहान असताना फळात शिरते आणि शिरल्याची जागा भरून येते. बाहेरून ठळक दिसणारं गोल भोक बहुतेक वेळा अळी बाहेर पडल्याचं असतं. म्हणून भोक नाही म्हणजे आत अळी नाही, असं धरून चालू नका. वांगं चिरूनच बघा. आत गेलेल्या अळीपर्यंत औषध पोचत नाही, मग फवारण्या वाढत जातात. याच अळीसाठी बीटी वांगं, म्हणजे जनुकात बदल करून अळीला तोंड देईल असं केलेलं वांगं, आणायचं चाललं होतं. २०१० च्या जानेवारी-फेब्रुवारीत त्यावर देशात ठिकठिकाणी जनसुनावण्या झाल्या, एक आपल्या नागपुरातही झाली, आणि ९ फेब्रुवारी २०१० ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली. बांगलादेशात मात्र २०१४ पासून शेतकरी ते लावतात. आम्ही घरच्या झाडांना कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंगांना ओढून पकडणारे) लावतो आणि सुकलेला शेंडा दिसला की अळीसकट खुडून नष्ट करतो. थोडी झाडं असली की हे जमतं, एकरभर असली की फार कष्टाचं होतं. तुम्ही विकत घेणार असाल तर शक्यतो ओळखीच्या शेतकऱ्याकडून घ्या आणि औषध मारून किती दिवस झाले ते सरळ विचारा. वरचं औषध धुतल्यानं बरंच जातं, आत मुरणारं जात नाही.

निवडताना साल चकचकीत हवी, देठ हिरवा आणि ताजा हवा. दोन सारख्या आकाराच्या वांग्यांतलं हातात हलकं लागेल ते घ्या, आमच्या अनुभवात जड वांग्यात बिया जास्त निघतात. अंगठ्यानं हलकं दाबलं की खड्डा पडून पुन्हा वर यायला हवा. आणि आणलं की दोन-तीन दिवसांत संपवा. फ्रिजच्या फार थंड कप्प्यात ठेवलं तर सालीवर खड्डे पडतात आणि बिया काळपट होऊन चव उतरते.

आता तेलाचं. वांग्याचा गर स्पंजासारखा असतो, आत हवेच्या बारीक पोकळ्याच पोकळ्या. कच्च्या फोडी गरम तेलात टाकल्या की त्या पोकळ्या आधी तेल ओढतात. कढई कोरडी दिसते, तुम्ही आणखी तेल घालता, तेही ते पितं. मग गर शिजून बसला की तेच तेल बाहेर सुटतं आणि भाजी तेलात तरंगते. उपाय सोपा आहे. फोडणीत बेताचं तेल घ्या, फोडी टाकल्या की लगेच मीठ घाला, एकदा हलवा आणि झाकण ठेवून त्या झाकणात पाणी ओता. मिठानं आणि वाफेनं गर आधी बसतो, मग त्याला तेल ओढायला जागा राहत नाही. पाच-सात मिनिटांनी झाकण काढून मसाला घाला. चिरलेल्या फोडी मिठाच्या पाण्यात ठेवायच्या त्या काळ्या पडू नयेत म्हणून. त्या फोडणीच्या वेळेपुरत्याच ठेवा, तासभर नको. लोखंडी विळीवर चिरल्या तर जास्त काळवंडतात, पण चव बिघडत नाही.

भरीत तुम्ही आधी करून बघा. त्यात चुकायला जागा कमी आणि तेलाचा प्रश्नच नाही. आम्ही वांगं तुराट्यांच्या किंवा पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजतो. तूर कापली, कापूस वेचून झाला की हे सरपण घरचंच असतं आणि त्याचा धूर वांग्यात उतरतो. तुमच्याकडे गॅस असेल तर जाळी ठेवून थेट आचेवर भाजा. कुकरमध्ये उकडून केलेल्याला मी भरीत म्हणणार नाही. आधी उभी चीर देऊन आत अळी आहे का बघा, त्याच चिरेत लसणाच्या दोन पाकळ्या आणि एक हिरवी मिरची खोचा, वरून तेलाचा हात फिरवा. मग घाई करू नका. साल पूर्ण काळी होऊन तडकली पाहिजे आणि देठाजवळचा भाग सुरीच्या टोकाला लोण्यासारखा लागला पाहिजे. सगळ्यात जास्त कच्चेपणा देठाजवळच राहतो आणि अख्ख्या भरताची चव तिथेच बिघडते. भाजून झालं की दहा मिनिटं झाकून ठेवा, साल आपोआप सुटते. सोलताना नळाखाली धरू नका, धूर धुऊन जाईल. हात ओला करून सोला, सालीचे दोन-चार काळे कण राहिले तर राहू द्या. सुटलेलं पाणी निथळून टाका, त्यात कडवटपणा असतो.

पुढे दोन वाटा आहेत. एक म्हणजे कच्चं भरीत: भाजलेली मिरची आणि लसूण मिठासोबत ठेचायचं, त्यात वांगं कुस्करायचं, पातीचा कांदा, भरपूर सांबार (तुमच्याकडची कोथिंबीर) आणि वरून चमचाभर कच्चं तेल. आमच्या घरी त्यावर जवसाचं तेल घेतात. त्याचा उग्रपणा सगळ्यांना झेपत नाही, पण धुराच्या चवीशी त्याचं फार जुळतं. दुसरी वाट फोडणीची: जिरं, ठेचलेली मिरची, फल्लीदाणे तळून घ्यायचे, पातीचा कांदा टाकायचा आणि वांगं घालून तेल सुटेपर्यंत परतायचं. टमाटर घालू नका, आंबटपणानं धूर मारला जातो. जळगावकडच्या भरताचं नाव मोठं आहे, तिथल्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. ते हिरवट, पांढऱ्या छटेचं वांगं मिळालं तर जरूर घ्या, त्यात बिया कमी असतात. नाही मिळालं तर मोठं जांभळं चालतं.

दुसरी भाजी, जी विदर्भाबाहेर फारशी कुणाला माहीत नसते, ती सोले-वांग्याची. सोले म्हणजे तुरीचे ओले दाणे. डिसेंबर-जानेवारीत शेंगा भरल्या की सोलून घ्यायचे, कोरड्या कढईत डाग पडेपर्यंत भाजायचे आणि हिरवी मिरची, लसूण, जिरं घालून पाट्यावर जाडसर वाटायचे. मिक्सर असेल तर थांबत थांबत फिरवा, गंधासारखं अगदी बारीक होऊ देऊ नका. तेलात कांदा परतून हे वाटण खमंग होईपर्यंत परता, चार भाग केलेली लहान काटेरी वांगी देठासकट टाका, मीठ आणि गरम पाणी घालून मंद आचेवर ठेवा. गरम मसाला नको, हळद चिमूटभर पुरे. सोल्यांचा दाटपणा वांग्यात मुरतो आणि वांग्याचा गोडवा रश्श्यात उतरतो. मला विचाराल तर वांग्याची यापेक्षा चांगली भाजी नाही. ज्यांच्याकडे ओली तूर मिळत नाही त्यांनी मटार घेतला तर बरी होते, पण तो गोड असतो, म्हणून मिरची वाढवा.

भंडाऱ्याच्या (देवाच्या नावानं घातलेल्या गावजेवणाच्या) पंगतीतली रोडग्यांसोबतची आलू-वांग्याची भाजी घरी जमत नाही अशी तक्रार बरेच जण करतात. तिथे मोठ्या गंजात (पातेल्यात), लाकडाच्या मंद होत जाणाऱ्या आचेवर भाजी बराच वेळ राहते, शेजारी गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजत असतात, आणि तेल सढळ असतं. घरी तेल अर्धं करा, पण वेळ कमी करू नका. कांदा, सुकं खोबरं, खसखस आणि धणे भाजून वाटलेला मसाला, अद्रक-लसूण, आधी आलू, ते अर्धे शिजले की वांगी. मुंगवडी घालायची असेल तर ती तेलात लालसर तळून शेवटच्या दहा मिनिटांत टाका आणि रस्सा थोडा जास्त ठेवा, कारण ती पाणी ओढते.

भरीत उरलं तर दुसऱ्या दिवशी ज्वारीच्या पिठात मळून, थोडं बेसन आणि तीळ घालून त्याची थालीपीठं लावा. पाणी जवळपास लागत नाही. तवा मध्यम ठेवा आणि झाकण घालून दोन्ही बाजू भाजा.