घरी रेकॉर्ड केलेलं गाणं बाहेरच्या गाण्यांपुढे बारीक आणि मातकट वाटतं. मास्टरिंगचं प्लगइन घेतलं तर सुधारेल का?

तुम्ही लिहिलंय की आवाज आणि गिटार घरीच रेकॉर्ड केलं, खाली ड्रम्स आणि बेस घातला, मिक्सही स्वतःच केलं. आता ते प्रसिद्ध गाण्यांच्या शेजारी लावलं की अगदीच किरकोळ वाटतं. मी म्हणेन, मास्टरिंगचं (म्हणजे तयार मिक्सवर शेवटचा हात फिरवण्याचं) प्लगइन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) आत्ता घेऊ नका. आधी एक फुकटचा प्रयोग करा.

ज्या गाण्याशी तुलना करताय ते तुमच्याच प्रोजेक्टमध्ये एका ट्रॅकवर आणा आणि दोन्ही गाणी कानाला सारखीच मोठी वाटेपर्यंत त्याचा फेडर (आवाजाची पातळी कमीजास्त करायची सरकपट्टी) खाली ओढा. सहा-आठ डेसिबल खाली यावं लागलं तर नवल वाटू देऊ नका. मग आलटून पालटून ऐका. बराचसा फरक तिथेच संपतो. फ्लेचर आणि मन्सन या दोन शास्त्रज्ञांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं की आवाज हळू असला की कानाला खर्ज खूपच कमी ऐकू येतो. म्हणून तेच मिक्स मोठ्याने लावलं की भरदार वाटतं आणि आपल्याला वाटतं की काहीतरी सुधारलं. या फसवणुकीपायी मी किती प्लगइन विकत घेतली ते विचारू नका. अनेक प्लगइन चालू करताच आवाज एखाद-दोन डेसिबलने वाढतो आणि आपण ‘वा!’ म्हणून मोकळे होतो. हल्ली मी प्लगइनचं आउटपुट आधी बायपासइतकं (म्हणजे प्लगइन बंद असतानाच्या पातळीइतकं) खाली आणतो, मगच ते ठेवायचं की नाही ते ठरवतो. निम्मी तर तिथेच बाद होतात.

पातळी सारखी करूनही जो फरक उरेल तो मात्र खरा, आणि घरगुती रेकॉर्डिंगमध्ये त्याचं मूळ बहुतेक वेळा माइकपाशी सापडतं.

माझ्या एका गाण्यात आवाज नाक दाबून गायल्यासारखा येत होता. आठवडाभर ईक्यूशी (खालचे-वरचे स्वर वेगवेगळे कमीजास्त करायच्या साधनाशी) झटापट केली. एका ओळीत बरा वाटायचा, पुढच्या ओळीत पुन्हा तेच. शेवटी लक्ष गेलं ते शब्दांचा कागद ठेवलेल्या स्टँडकडे. सपाट पत्रा, माइकच्या बरोबर खाली. माझा आवाज थेट माइकमध्ये जात होता आणि पत्र्यावर आपटून, जरासा उशिरा, पुन्हा एकदा जात होता. ध्वनी एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो. आपटून येणारी वाट थेट वाटेपेक्षा तेवढी लांब असेल, तर ५०० हर्ट्झला दोन्ही लाटा एकमेकींना मारतात, मग १५००ला, २५००ला. फणीच्या दातांसारखे खड्डे पडत जातात. त्यात मी मान हलवली की अंतर बदलायचं आणि खड्डे सरकायचे. जागेवर न थांबणारा खड्डा ईक्यूने कसा बुजणार? स्टँड बाजूला घेतला, तिरपा केला, वर टॉवेल टाकला आणि पुन्हा गायलो. त्या टेकला ईक्यू जवळजवळ लागलाच नाही.

खोलीचंही असंच. लोक माइकच्या मागे फोम लावतात, पण कार्डिऑइड माइकला मागचं तसंही कमीच ऐकू येतं. त्याचं तोंड तुमच्याकडे असतं, म्हणून तुमच्या पाठीमागच्या भिंतीवरून परतणारा आवाज सरळ त्याच्यात शिरतो. जाड गोधड्या, गाद्या पाठीमागे लावा. पातळ फोम फक्त वरचे स्वर शोषतो. १०० हर्ट्झची लाट साडेतीन मीटरच्या आसपास लांब असते, ती इंचभर फोमला दाद देत नाही. मग खोली वरून मेलेली आणि खालून घुमणारी, असं विचित्र प्रकरण होतं. याखेरीज माइकच्या जवळ या. ३० सेंटीमीटरवरून १५ वर आलात की तुमचा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, खोलीचा मात्र जवळपास तेवढाच राहतो. अगदीच चिकटलात तर खर्ज फुगेल, तेवढं सांभाळा.

गेनची (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा त्याची) फार चिंता नको. २४ बिटवर रेकॉर्ड करा आणि सगळ्यात जोराच्या जागी मीटर उणे १० डेसिबलच्या आसपास राहू द्या. मीटर लालपर्यंत नेण्यात काही शौर्य नाही. रेकॉर्ड करतानाच क्लिप झालेला (मर्यादेबाहेर जाऊन फाटलेला) टेक पुन्हा गावाच लागतो.

मिक्सला बसलात की पहिला तासभर फक्त फेडर, तेही मोनोमध्ये (डावं-उजवं एकत्र करून) आणि हळू आवाजात. हळू आवाजातही शब्द कळले पाहिजेत. एखादा शब्द बुडत असेल तर कॉम्प्रेसरकडे (मोठ्या-हळू आवाजातला फरक आपोआप कमी करणाऱ्या साधनाकडे) धावण्याआधी तेवढ्याच शब्दाची पातळी ऑटोमेशनने (फेडर ठरावीक जागी आपोआप हलवायच्या सोयीने) वर घ्या. मातकटपणा बहुधा २०० ते ४०० हर्ट्झमध्ये साचतो, कारण गिटार, आवाज, बेस, सगळ्यांचं तिथे काहीतरी असतंच. सगळ्यांचं कापू नका, एकाला तिथे राहू द्या. बहुतेक वेळा मी गिटारचं कापतो. सोलो करून ऐकलं तर ती गिटार अगदी फाटकी वाटेल, पण ती एकटी ऐकणार कोण आहे?

राहता राहिलं मास्टरिंग. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला गाणी सुमारे उणे १४ एलयूएफएसवर (हे गाणं कानाला किती मोठं वाटतं त्याचं माप) आणून वाजवतं. तुम्ही लिमिटर (आवाजाची टोकं ठरावीक मर्यादेत दाबणारं साधन) दाबून दाबून उणे ८ केलंत तर ते ६ डेसिबलने खाली ओढलं जातं, आणि तुमच्या पदरात राहतात फक्त चपटे झालेले ड्रम्स. याचा अर्थ उणे १४चाच नेम धरायचा असंही नाही. गाण्याला जेवढा दाब सोसतो तेवढा द्या, ट्रू पीक (आवाजाच्या लाटेचं खरं सर्वोच्च टोक) उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका आणि थांबा.

दुसऱ्या कुणाकडून मास्टर करून घेणार असाल (मी शक्यतो तेच करतो, आठवडाभर तेच गाणं ऐकलेल्या कानांचा मला भरवसा नाही), तर मास्टर ट्रॅकवरचा लिमिटर काढून २४ बिटची फाइल द्या. लिमिटर लावलेली तुमची आवृत्तीही वेगळी जोडा. तुम्ही इतके दिवस काय ऐकत होतात ते मास्टर करणाऱ्याला चिठ्ठीपेक्षा त्यातून लवकर कळेल.